दोन माळा बाकी

मला राग येत नाही. म्हणजे येऊ द्यायचा नाही, असा माझा नेमच आहे. त्यामुळे देवघराशेजारच्या खिळ्यावरची माझी जपमाळ काढून सासूबाईंनी तिथे धाकटीचं पदक टांगलं, तेव्हा मी इतकंच म्हणाले, "छान दिसतंय हो."

"माळ फ्रिजजवळच्या हुकाला अडकवलीये," सासूबाई म्हणाल्या. "स्कूटरच्या किल्लीशेजारी. हाताला लागेल पटकन."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. डोंगरातल्या पायवाटांवरून पन्नास किलोमीटर धावायची एक शर्यत असते, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ती पुरी करून धाकटी लंगडत घरी आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. सासूबाई फोनवर नातेवाइकांना सांगायच्या, "पन्नास हं, पाच नाही." दीर येता-जाता पदकाला बोट लावून ते हलवून बघायचे. आमचे हे, ज्यांनी मला बावीस वर्षांत "बरी आहेस ना?" असं दोनदा विचारलं, तेही तिला म्हणाले, "गुडघ्याला बर्फ लाव." बर्फ मी आणून दिला. ट्रेमधून काढताना चार खडे सिंकमध्ये पडले, ते मुद्दाम पाडले नव्हते.

माझे दोन नेम आहेत, ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यामुळे झाला. पहाटे उठल्यापासून अकरा माळा जप होईपर्यंत मी बोलत नाही. डाव्या मनगटात अकरा रबरबँड घालते. एक माळ झाली की एक रबरबँड उजव्या मनगटात. (रबरबँड ऑफिसातले आहेत. साहेबांना विचारून घेतलेत.) दुसरा नेम असा की रोज सूर्यास्ताच्या आत एका माणसाला त्याच्या तोंडावर एक चांगली गोष्ट सांगायची. मनापासून. खोटं चालत नाही. मी बँकेच्या पहारेकऱ्याला सांगितलंय, नळवाल्याला सांगितलंय, कचरा न्यायला येणाऱ्या दादांना तर सांगितलंय की तुमच्यासारखं झाकण कोणी लावत नाही. धाकटीवर वेळ आली नव्हती इतकंच. घरातल्या माणसांचं काय, कधीही सांगता येतं.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. पदक भिंतीवर चढून आठ दिवस झाले असतील. खिडकीत गर्दी नव्हती, आणि माझ्या हातून पुढच्या वर्षीच्या शर्यतीचा अर्ज भरला गेला. का भरला असं विचाराल तर, आरोग्यासाठी.

अर्जासोबत एक हमीपत्र होतं: शर्यतीत माझा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत. इतकं ढिसाळ कागदपत्र मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मृत्यूचं ठिकाण नाही, वेळ नाही, खबर देणाऱ्याचं नाव नाही. डोंगर दोन तालुक्यांत पसरलेला, मग नोंद करायची कुठे? मी लाल शाईने दुरुस्त्या करून हमीपत्र परत पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला धावायचंय की मरायचंय?" मी कळवलं, धावायचंय, पण कागद व्यवस्थित असावेत.

मग डॉक्टरांचा दाखला. आमच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, "घरात काही ताण?"

"छे. सगळे फार चांगले आहेत."

"मग धडधड एवढी का?"

"जावेचा फोन आला होता आत्ता. तिने आज चोवीस किलोमीटर केले."

त्यांनी मान हलवली आणि दाखल्यावर 'तूर्तास सुदृढ' असं लिहिलं. आयोजकांना 'तूर्तास' चालेना. दुसरा दाखला आणला, त्यावर शिक्का उलटा. तिसऱ्या खेपेला कंपाउंडर मला बघून आत ओरडला, "डॉक्टर, त्या मरणाच्या खिडकीवाल्या बाई आल्यात!" दवाखान्यात बसलेले चार पेशंट माझ्यापासून सरकून बसले.

सरावाचं म्हणाल तर आमच्या भागात डोंगर नाही. जिना आहे. सात मजले. वरच्या मजल्यावर पीटीचे एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांनी मला पाठीवर तांदळाची पिशवी बांधून रोज दहा वेळा चढ-उतार करायला सांगितलं आणि स्वतः चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसले. सल्ल्याला तोटा नव्हता. समोरच्या काकू म्हणाल्या, चढताना श्वास घेऊच नये, वाया जातो. तळमजल्यावरच्या टेलरकाकांनी धावायच्या पँटला आतून आठ खिसे शिवून दिले, आणि आठही खिशांत काहीतरी भरल्यावर मला बसता येईना. तिसऱ्या आठवड्यात तांदळाची पिशवी सहाव्या मजल्यावर फाटली. खालच्या सगळ्या मजल्यांवर तांदूळ. त्यावरून सेक्रेटरी घसरले आणि पाचव्यावरून चौथ्यावर, थेट मास्तरांच्या मांडीत आले. दुसऱ्या दिवशी नोटिस लागली: 'जिन्यातून विनाकारण वर-खाली करू नये. कारण असल्यास ते कमिटीस लेखी कळवावे.' मी लेखी कळवलं. कारणाच्या जागी काय लिहावं कळेना. मग 'खिळा' लिहिलं. कमिटीने अर्ज दुरुस्ती-देखभालीच्या फायलीत टाकला आणि सुतार पाठवून दिला.

या सगळ्यात धाकटी काय करत होती? मदत! तेच तर सहन होत नव्हतं. "वहिनी, बूट अर्धा नंबर मोठे घ्या, उतारावर बोटं पुढे येतात." "वहिनी, तहान लागायच्या आधी पाणी प्या." मी घोटभर पाणी पिऊन हसायचे. मनात म्हणायचे, तू पुढे धाव, मग बघू. नंतर मनातल्या या वाक्याबद्दल एक माळ जास्त करायचे. त्या वर्षात माझा जप फार वाढला.

शर्यतीच्या दिवशी बस साडेतीनला निघाली. बसमध्ये जप उरकू असा माझा हिशेब होता, पण चालकाने अशी गाणी लावली की सहाच माळा झाल्या. साडेपाचला धावायला सुटलो तेव्हा डाव्या मनगटात पाच रबरबँड होते, डोक्याला दिवा होता, आणि गळ्यात शिटी. शिटी सक्तीची होती. माणूस अडचणीत असेल तर तीनदा वाजवायची, असं आदल्या दिवशी दाखवून दिलं होतं. मी म्हटलं, आपल्याला कशाला लागतेय!

अंधार, दगड, पुढे धाकटीच्या पाठीवरची पिवळी पिशवी. मी तिच्या मागे चाळीस पावलांवर होते, आणि तिथेच राहणार होते. मास्तरांचा तसा डाव होता: शेवटच्या दहा किलोमीटरांत गाठायचं. एका हाताने माळ ओढत, एका हाताने झाडंझुडपं बाजूला करत सात किलोमीटर गेले. तीन माळा झाल्या. दोन उरल्या.

तिथे वाट फुटत होती. डावीकडच्या फांदीला लाल फीत बांधलेली, म्हणजे आमची वाट. ती फीत पानांआड होती, पण माझ्या दिव्यात स्वच्छ दिसली. धाकटी बाटलीचं झाकण लावत होती. खाली मान. ती सरळ गेली.

मी थांबले. बोलता येत नव्हतं. दोन माळा बाकी होत्या आणि नेम म्हणजे नेम. पिवळी पिशवी लहान लहान होत गेली. गळ्यात शिटी होती, आणि शिटी वाजवणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं.

सुचलं होतं.

मी डावीकडे वळले. आणि काय सांगू, माझे पाय कोणीतरी बदलून दिल्यासारखे झाले! चढ जाणवेना. पुढे पिशवी नाही, पाठ नाही, मोकळी वाट. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्यापुढे कोणी नव्हतं. मणी सटासट सरकत होते. माळ इतक्या लवकर कधी झाली नव्हती. रबरबँड उजव्या हातात घालता घालता माझ्या ओठांकडे माझं लक्ष गेलं. ओठ अजून हलत होते. 'मी पुढे, मी पुढे, मी पुढे.'

एकशे आठ वेळा. देवाचं नाव एकदाही नाही.

मी तिथल्या दगडावर बसले. आठ खिशांमुळे नीट बसताही आलं नाही. रबरबँड परत डाव्या मनगटात घातला. मग उठले, उलटी फिरले आणि उतारावरून पळत सुटले. समोरून येणारे धावपटू हात करून सांगत होते, "मावशी, चुकलात! वर जायचंय!" मी मान हलवून हो म्हणायचे आणि खाली पळायचे. फाट्यावरून धाकटीच्या वाटेला लागले आणि शिटी तोंडात धरून तीनदा वाजवली. मग आणखी तीनदा. पळताना श्वास लागल्यावर शिटी आपोआपच वाजत राहते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

धाकटी यायच्या आधी मदतपथक आलं. चार जण, एक स्ट्रेचर.

"काय होतंय? नाव सांगा."

मी हाताने खुणावलं, पुढे एक बाई गेली आहे.

"हात वेडावाकडा हलतोय," एक जण म्हणाला. "बोलता येतंय का, आजी?"

आजी! मला त्या क्षणी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी एक चूक केली होती, दुसरी करणार नव्हते. मी ओठ घट्ट मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

"वाचा गेलीये. आडवं करा!"

त्यांनी मला आडवं केलं, पट्टे आवळले. कोणी डोळ्यांत टॉर्च मारली, कोणी हसून दाखवा म्हणालं. माणसाला बांधून ठेवून हस म्हटल्यावर ते हसू एका बाजूलाच जातं. "तोंड वाकडं!" असा पुकारा झाला. वायरलेसवर माझं वय चौसष्ट सांगण्यात आलं. मी सत्तेचाळीसची आहे आणि जन्माची नोंद माझ्याच खिडकीवर मिळेल. पण सांगणार कशी? स्ट्रेचर उचललं. आभाळ उजळत होतं. मला वाटलं, झालं, देवाने शिक्षा केली, आणि बरीच नेटकी केली.

तेवढ्यात पिवळी पिशवी धावत आली.

"अहो, खाली ठेवा त्यांना!"

"ताई, बाजूला व्हा. यांची वाचा गेलीये."

धाकटीने माझं डावं मनगट उचलून त्यांना दाखवलं. "वाचा नाही गेली. दोन माळा बाकी आहेत. अर्ध्या तासात बोलतील, तेव्हा तुम्हीच म्हणाल गप्प बसा."

चौघे त्या रबरबँडांकडे बघत राहिले. मीसुद्धा. हा नेम धरल्यापासून अकरा वर्षं घरातली माणसं रोज माझ्यासमोर चहा पितात. आमच्या यांनी एकदा विचारलं होतं, हाताला रबरबँड का लावतेस, रक्त थांबेल ना. रबरबँड बघून माझी माळ कितवी चालू आहे हे कळणारं माणूस घरात आहे, याची मला कल्पना नव्हती.

सुटका झाली, पण नियम आडवा आला. स्ट्रेचरवर चढलेला माणूस 'रुग्ण' म्हणून लिहिला जातो, आणि रुग्णाला जबाबदार व्यक्ती सोबत असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटपर्यंत. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. त्यात नात्याच्या जागी पर्याय होते: पती, पालक, मित्र, इतर. धाकटी त्या वर्षी पहिल्या दहांत येण्यासाठी पहाटे चारला उठत होती, हे मला ठाऊक होतं. तिच्या गजराने माझी झोप मोडायची. तिने घड्याळाकडे पाहिलं, या गोंधळात एक तास दहा मिनिटं गेली होती. मग 'इतर'वर खूण करून सही केली. मला का कोण जाणे, ते 'इतर' लागलं.

दोन माळा मी चालत पूर्ण केल्या. यावेळी देवाचंच नाव घेतलं. शेवटचा रबरबँड उजवीकडे घातला आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले.

"तू फाट्यावर चुकलीस ते मी पाहिलं होतं."

"म्हणून तर शिटी वाजवलीत ना?"

"तेव्हा नाही. त्याच्या आधी. तू सरळ गेलीस तेव्हाच. मी उभी राहून बघत होते."

तिने पाठीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "उजेड थांबला होता मागचा. मला वाटलं, नाडी बांधताय." आणि तिने मौन धरलं. तिचं मौन मोजायला रबरबँडही नव्हते. वीस किलोमीटर टिकलं. मी तेवढ्यात माझ्या आठ खिशांतले खजूर एक एक करून पुढे करत होते. ती न बघता घ्यायची, खायची, बी माझ्या हातात द्यायची. तिसाव्या किलोमीटरला माझ्या अंगठ्याचं नख गेलं. बूट अर्धा नंबर मोठे घेतले नव्हते. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि मौन सोडलं.

"सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही ऐकत नाही."

"तुझं नाही ऐकत," मी म्हणाले. खरंच होतं.

ती हसली. हसल्याचा तिला राग आला असावा, कारण नंतर दोन चढ ती पुढे पुढे चालली. पण पट्टीने पाय बांधून दिला, तो इतका व्यवस्थित की चाळीस किलोमीटरपर्यंत मी माणसासारखी चालले. त्यानंतर कशासारखी चालले ते सांगता येत नाही. साडेसहाला वेळ संपत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी शेवटच्या वळणावरून खाली कमान दिसली. चारशे पावलं असतील.

"चला वहिनी! होतंय!"

मी थांबले.

"आता काय?"

"सूर्य," मी म्हणाले.

तो समोरच्या डोंगराच्या काठाला टेकला होता, आणि माझा दुसरा नेम राहिला होता. दिवसभरात भेटलेल्या कोणाचीही स्तुती मी केली नव्हती. मी आजूबाजूला पाहिलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. स्वयंसेवक नव्हता, पाणीवाला नव्हता. फक्त धाकटी, कमरेवर हात ठेवून, चिखलाने माखलेली, घड्याळाकडे बघत. मनापासून असायला हवं. खोटं चालत नाही.

मी तोंड उघडलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. "माझ्या किती माळा राहिल्यात हे नुसतं बघून कळणारी घरात तू एकटी आहेस. आणि आज तू मला सोडून जाऊ शकली असतीस. मी तुला सोडून गेले होते."

धाकटीने घड्याळावरची नजर काढली. मग बारीक आवाजात म्हणाली, "हे आजच्या नेमाचं आहे का?"

"हो."

"म्हणजे माझा नंबर लागला?"

"अगं, तुला ठाऊक आहे?"

"सगळ्या घराला ठाऊक आहे. नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन, वहिनी. संध्याकाळी तुम्ही घरात यायच्या वेळेला मी मुद्दाम पुढच्या खोलीत बसायचे. साडी नवी असली की उभी राहायचे. कचरेवाल्याचा नंबर तीनदा लागला!" तिचा आवाज फुटला. "झाकण! झाकण छान लावतो म्हणून! त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं घट्ट लावते."

डबे मला सहा वर्षं उघडत नव्हते. मला वाटायचं, ही माझा छळ करते.

आम्ही दोघी त्या वाटेवर उभ्या राहून रडलो. थोडं हसलोही. शेवटी कोणाचं काय चाललंय हे कळेनासं झालं. सूर्य गेला. कमानीखाली पोचलो तेव्हा कमानीतली हवा काढायला सुरुवात झाली होती, आणि ती आमच्या डोक्यावरच हळूहळू बसली.

"सहा चौतीस," घड्याळवाला कापडाखाली डोकं घालून म्हणाला. "चार मिनिटं उशीर. नोंद होणार नाही."

"उशिरा नोंदणीची तरतूद असते," मी कापडाखालूनच म्हणाले. "आम्ही एकवीस दिवस देतो. नंतरसुद्धा प्रतिज्ञापत्रावर होते."

"मॅडम, हा जन्म नाहीये."

मला त्याचं म्हणणं पटलं नाही. पण नियम त्याचा होता. पदक नाही, दाखला नाही. दोघींत मिळून एक केळं मिळालं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दोन पदकं? खिळा एकच आहे गं, मोठीला कुठे टांगू?"

"एकही नाही, आई," धाकटी म्हणाली, आणि आत जाऊन तिने जुनं पदक खिळ्यावरून काढलं. "वहिनींची माळ होती इथे."

"राहू दे गं," मी म्हणाले. "पदकच शोभतं."

"नाही हं. माळच."

"मी म्हणते ना, पदक."

असं आमचं फार प्रेमाने चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी त्या खिळ्यावर आपला चष्मा टांगला. माळ आणि पदक आता फ्रिजजवळच्या हुकावर असतात, स्कूटरच्या किल्लीशेजारी. पटकन हाताला लागतात. डबे उघडतात.

आज पहाटे मी जपाला बसले होते. धाकटी बूट घालून निघाली, पुढच्या वर्षी पहिल्या दहांत यायचंय तिला. दारात थांबून तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. मी दोन बोटं वर केली. दोन माळा बाकी होत्या. एक रबरबँड बाहीखाली गेला होता, तो तिला दिसला नाही. म्हणजे अजून कच्ची आहे मोजायला. याचा मला थोडा आनंद झाला, आणि त्याबद्दल एक माळ जास्त केली.